मध्ये उभी राहणारी

मृण्मयीची बास्केटबॉलची मॅच मी काल पहिल्यांदाच पाहिली. समोरच्या संघातली एक उंच मुलगी भराभर गुण मिळवत होती. मध्यंतरानंतर सरांनी मृण्मयीला तिच्यावर लावलं. मग ती मुलगी जिकडे वळेल तिकडे माझी लेक गुडघे वाकवून, हात पसरून तिच्या पुढ्यात. कोपर लागून ओठ फुटला, तरी हटली नाही. टाळ्या मात्र बास्केट करणाऱ्या मुलींनाच मिळत होत्या.

आम्ही जिंकलो. सर येऊन म्हणाले, "काकू, आजची मॅच तुमच्या मुलीनं काढली."

"पण तिनं तर एकही बास्केट केली नाही."

"त्या उंच मुलीला करू दिली नाही ना! नुसते गुण करून मॅच जिंकता येत नाही. ही समोरच्याचा खांदा बघते आणि तो हलायच्या आधीच आडवी येते. हे आम्ही शिकवलेलं नाही."

घरी ह्यांचा आवाज चढला की मृण्मयी हातातलं टाकून येते आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहते. लहान होती तेव्हापासून. ह्यांचा हात उठायच्या आधी ती तिथे असते. बाहेर जिचं एवढं कौतुक होतं ती गोष्ट मुलगी घरात शिकली, याचा अभिमान कसा बाळगायचा? मैदानावर निदान शिट्टी वाजते आणि खेळ संपतो.

रिक्षात तिच्या ओठाला रुमाल लावत मी म्हणाले, "दमलीस ना? घरी गेलं की निवांत झोप."

"बाबा झोपले की झोपते," ती म्हणाली.