मोघ्यांचा उसना हात

मोघे आपल्या यंत्राच्या हाताला ‘अहो’ म्हणायचे. “अहो, जरा कप धरा,” असं म्हणून कोपराखालचे स्नायू आवळायचे, आणि प्लास्टिकची बोटं मिटायची. तो हात बनवणाऱ्या दिल्लीच्या प्रयोगशाळेत मी कामाला होतो आणि मोघे तो वापरून बघायचे. मी हसलो की म्हणत, “उसना पाहुणा आहे हो. त्याला अरे-तुरे कसं करायचं?”

फरीदाबादच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला होता. वरचे स्नायू शाबूत होते. ते आवळले की कातडीवर विजेचा बारीकसा संदेश उमटतो. तो आमचे सेन्सर टिपत आणि बोटं हलत. घाम आला की गडबड व्हायची, ती आम्ही निस्तरली. एक खोड मात्र जाईना. मधेच, न सांगता, हात सताड उघडायचा आणि कप फुटायचा.

“अच्छा, म्हणजे नातीला घ्यायचं नाही तर,” मोघे म्हणाले. लेकीला नुकतीच मुलगी झाली होती. बारशाला तिला दोन्ही हातांत घ्यायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी संदेश तपासायचं यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या सेक्टरात नव्या इमारतींच्या पायाचे खांब जमिनीत ठोकणं चाललं होतं. बाहेर धप्प झालं की आत हात उघडायचा. तपासलं, तर संदेश खरा होता, स्नायूंचाच होता.

“तुमचं मशीन बिल्कुल ठीक आहे,” मोघे चहा पितापिता म्हणाले. “हे मी करत नाही. माझा जुना हात करतो. त्याला वाटतं, प्रेस खाली आली. बोटं उघडून पळतो बिचारा.”

माझ्या अंगावर काटा आला. पण भुताखेतांवर इलाज करायला मी काही मांत्रिक नव्हतो. पकड घट्ट असताना असा क्षणभराचा झटका आला तर हाताने तो मानायचाच नाही, अशी सोय मी करून दिली. कप फुटायचे थांबले. मोघे मात्र खंगत चालले. नसलेली बोटं ठणकायला लागली होती.

“पूर्वी तो दर वेळी सुटायचा हो,” ते म्हणाले. “आता तुम्ही दार लावलंत.”

“काढून टाकू ती सोय?”

“छे! बारसं आहे.”

बारशाच्या दुपारी नात त्यांच्या दोन्ही हातांत होती. बायकांचं गाणं चालू असतानाच बाहेर धप्प झालं. बोटं तसूभरही हलली नाहीत. पोर झोपलेलंच राहिलं. सगळे कौतुकाने हसले, मलाही आनंद झाला. मग मी मोघ्यांकडे पाहिलं. कपाळ घामाने भिजलं होतं. नातीकडे नाही, उसन्या हाताकडेही नाही, कुठेतरी खाली बघत ते पुटपुटत होते, “अरे, सूट रे. ओढ ना, ओढ!”

ती सोय त्यांनी शेवटपर्यंत काढू दिली नाही. नात मोठी होईपर्यंत तिला त्याच हाताने रस्ता ओलांडवला. पुढे दुखण्याने अंथरूण धरलं आणि गेले, तेव्हा सगळे म्हणाले, “सुटले बिचारे.”

मीही मान डोलावली. पण कुठे पायाचे खांब ठोकल्याचा आवाज आला की अजून मनात येतं, मोघे सुटले, तो जुना हात सुटला का?