हात डोक्यावर जाये

माह्यं वय कागदावर सदुसष्ट हाये. खरं किती ते सांगणारी माय आता नाई. मागच्या थंडीत मी दहा किलोमीटर पळाली.

सुरुवात पोराच्या बोलण्यानं झाली. मी शहराबाहेर वाडीत राहते, ट्रकच्या गोदामाच्या मागं, भाड्याच्या एका खोलीत. पोरगा शहरात राहते, तिसऱ्या माळ्यावर. एक दिवस नळावरून बादली आणताना मी घसरली. लागलं काही नाई, पण कोणीतरी त्याले फोन केला. तो आला तो माह्ये लुगडे गाठोड्यात बांधालेच बसला.

"माय, बस झालं. आता घरी चाल."

"हे घरच हाये."

"इथी पडून मेली तर कोणाले समजन?"

"शेजारणीले समजन."

"तुह्ये पाय गेले आता."

मरणाचं काही वाटलं नाई. पाय गेले म्हटलं ते लागलं. सून वाईट नाई. पण तिच्या घरी मी सोफ्यावर बसते अन् ताट हातात येते. दोन दिवसात मी पाहुणी हाये का पेशंट, तेच समजत नाई.

शेजारच्या खोलीतली सिस्टर तेव्हा दारात उभी होती. ती दवाखान्यात ड्युटी करते अन् सकाळी पळाले जाते. मी तिले बोलताना ऐकलं होतं, थंडीत शहरात दहा किलोमीटरची रेस हाये, दोन तासात पोचा लागते, मागून एक बस येते अन् राहिलेल्याइले उचलून नेते. मी पोराले म्हटलं, "मी त्या रेसमध्ये जाईन. बसनं मले उचललं तर गाठोडं घेऊन तुह्याकडं येईन. नाई उचललं तर हा विषय पुन्हा काढाचा नाई."

पोरगा सिस्टरले म्हणे, "तुम्ही तरी समजवा हिले."

ती म्हणे, "मी आजीचं नाव टाकते."

चार महिने होते. जोडे घ्याले ती मले शहरात, सीताबर्डीच्या बाजारात घेऊन गेली. बायकांचा एकही जोडा माह्या पायात जाये ना. पंजा पसरून पसरून फावड्यावानी झाला होता. शेवटी माणसांचे जोडे घेतले.

पहाटे गोदामामागच्या रस्त्यावर ती मले शिकवे. लाइटचा एक खांब येईपर्यंत पळाचं, दुसरा येईपर्यंत चालाचं. मंग दोन खांब पळाचं. दम लागे, पण दमाची मले भीती नोहती. अडचण दुसरीच निघाली.

"आजी, हात खाली."

"खालीच हाये वं."

"पहा बरं."

पाहिलं तर उजवा हात डोक्यावर. मी खाली घेओ, चार खांब गेले का तो पुन्हा वर. ती हसे, मीही हसो. पण खोलीत आल्यावर मी त्या हाताकडं पाहत बसो.

दहा वर्षांची असन तेव्हापासून तो हात वरच होता. पारशिवनीकडं माहेर, तिथी जंगलातून डोक्यावर लाकडाची मोळी आणा लागे. लग्न करून वाडीत आली. नवरा, माहा बुढा, गोदामात हमाल होता. पोरगा दोन वर्षांचा होता तेव्हा बुढा तापानं गेला. आठव्या दिवशी मी घरं बांधाच्या कामावर घमेलं उचललं. घमेल्याखाली मान सरळ ठेवा लागते, पाऊल लहान टाका लागते, अन् भरभर. मोठं पाऊल टाकलं का रेती सांडते. रडू आलं तरी मान हलवता येत नाई. मी हलवली नाई. पोरगा खाली झाडाच्या सावलीत बसून राहे.

सिस्टर म्हणे, हात हलवा, पाऊल लांब टाका. मी तसं करो. सहा किलोमीटरच्या वर कधी गेली नाई.

रेसच्या दिवशी लुगडं वर खोचलं, त्याच्यावर रेसवाल्याइनं देल्लेली टीशर्ट, कमरेले घाम पुसाचा दुपट्टा. सिस्टरले म्हटलं, तू तुह्या चालीनं जाय. सहा झाले, सात झाले. सातच्या पुढं पाय लाकडावानी झाले. मागं घरघर आली. बस होती. हॉर्न नाई, काही नाई, जनावर हाकल्यावानी हळूहळू येत होती. दारातला माणूस म्हणे, "या आजी, बसा. एसी हाये."

"तूच बस," मी म्हटलं.

पण उत्तर देऊन पाय चालत नाई. माह्या डोळ्यासमोर तो सोफा आला. अन् हात वर गेला. या बारीनं मी त्याले खाली आणलं नाई. कमरेचा दुपट्टा काढला, गोल पिळला, घमेल्याखाली ठेवतात तशी चुंबळ केली अन् रिकाम्या डोक्यावर ठेवली. एका हातानं धरली. मान आपोआप सरळ झाली. पाऊल लहान झालं, भरभर पडाले लागलं. हे पायाले येत होतं. चार महिने मी त्याइले दुसरंच शिकवत होती.

बसची घरघर मागं गेली. चालणाऱ्या दोन पोरी मागं राहिल्या. एक म्हणे, आजीच्या डोक्यावर काय हाये वं? दुसरी म्हणे, काहीच नाई.

शेवटच्या दोरीपाशी घड्याळात चार मिनिटं बाकी होते. पोरगा तिथी उभा होता. तो माह्याकडं नाई, त्या चुंबळीकडं पाहत होता. झाडाखाली बसून तो हेच पाहे, वर हात केलेली माय येताना. मंग म्हणे, "हे काहून?"

"वजन नोहतं ना, म्हून जमत नोहतं."

त्यानं मले गाडीवर बसवलं. शहराकडं वळाच्या ठिकाणी तो वळला नाई, सरळ वाडीले आला. खोलीत गाठोडं अजून खाटेखाली पडलं होतं. ते त्यानं सोडलं, लुगडे दोरीवर टाकले. मंग बादली उचलली अन् नळावरून आठ खेपा करून माह्या पाण्याचा ड्रम काठोकाठ भरला. चहा घेतला अन् गेला.

दोन दिवस मले मोरीपर्यंत भिंत धरून जा लागलं. ते त्याले सांगितलं नाई. सिस्टरलेही सांगू देल्लं नाई.