बशी झाकलेला चहा

नारायण गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेलापूरच्या भाजीबाजारात कारली निवडत होतो. त्याची बायको, वसंतीवहिनी म्हणाल्या, "भावोजी, जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाय..." कारली तिथेच टाकून मी उलव्याला त्याच्या घरी धावलो. नारायण खिडकीजवळच्या पलंगावर शांत पडला होता, चेहऱ्यावर रविवारची दुपार असावी तसा निवांतपणा. हृदयाने त्याला पूर्वीच एकदा दम दिला होता, त्यामुळे धक्का बसला तरी आश्चर्य वाटलं नाही. त्या दिवशी मी खूप रडलो. आता काही आठवडे उलटलेत आणि तो आठवतो तेव्हा मला बहुतेक वेळा हसूच येतं, म्हणून लिहायला बसलोय.

नारायण उरणकडच्या कोळीवाड्यातला, मी साताऱ्याचा. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात आमची टेबलं शेजारी होती आणि शेवटपर्यंत तो मला नावाने न बोलावता "सातारकर" म्हणत आला. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, योगासनं करतात. या गृहस्थाला टॅबवर पोकरच्या स्पर्धा सापडल्या आणि मागोमाग त्याने मलाही ओढलं. सगळ्यांना सारखे चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या सोंगट्या, मिळतात, ते संपले की आपण बाहेर आणि शेवटपर्यंत टिकला तो जिंकला, एवढंच मला सुरुवातीला समजलं. मी मूळचा उतावळा. हातात दोन पत्ते आले की खेळलेच पाहिजेत असा माझा खाक्या, त्यामुळे मी चहा यायच्या आत बाहेर असे. नारायण मात्र पत्ते टाकत, म्हणजे डाव न खेळताच सोडून देत बसायचा. आले, बघितले, टाकले. पुन्हा आले, पुन्हा टाकले. मी म्हणायचो, "अरे, खेळायला बसलायस की पत्ते वाटणाऱ्यावर उपकार करायला?" तो नुसता हसायचा. आणि मग मध्येच कधीतरी कपावर बशी झाकायचा. बशी झाकली की समजायचं, स्वारीला पत्ते लागलेत. आता निकाल लागेपर्यंत चहाला हात लागणार नाही आणि तो गारही व्हायचा नाही. त्यानंतरचा नारायण वेगळाच असे. दुसऱ्याने लावलं म्हणून मागोमाग तेवढंच लावणं त्याला ठाऊकच नव्हतं, तो थेट वाढवायचा, समोरच्याने पुन्हा लावलं तर पुन्हा वाढवायचा. पलीकडचे बिचारे आपापल्या गावी बसलेले, त्यांना ही बशी कुठून दिसणार!

हे कुठून शिकलास, असं एकदा विचारलं तर म्हणाला, "आईकडून." त्याची आई बंदरावर लिलावात मासळी घ्यायची. पाट्यांमागून पाट्या जायच्या, बाकीच्या बायका रुपया-रुपयाने चढवत बसायच्या आणि ही तोंडात पान धरून गप्प. मनासारखी पापलेटं आली की पहिलाच भाव असा सांगायची की कुणी पुढे बोलायचंच नाही. "थोरं-थोरं चढवत गेलं ना सातारकर, तर सगल्यांनाच खाज सुटते," नारायण म्हणाला. "घ्यायचा नसंल तर गप ऱ्हायचा. घ्यायचा तर असा घ्यायचा, का समोरच्यानं घरी जावा."

वसंतीवहिनींना मात्र या खेळाचं नाव काढलेलं चालत नसे. त्यांचा सख्खा भाऊ मटक्यापायी घरदार सोडून गेला तो परत आला नाही. नवराही त्याच वाटेने जाणार, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. एक दिवस त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, "या घरात एक तर ह्यो टॅब ऱ्हाईल, नायतर मी." नारायण वाद घालत बसला नाही. त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाला, "एक खेल माझ्या बाजूला बस. तुला वाटला का मानूस बिघरला, तर उचल आनि खारीत फेक. मी हूं का चूं करनार नाय." वहिनी बसल्या, हातात निवडायला घेतलेला जवळा होता. नारायण पत्ते टाकतोय, टाकतोय, टाकतोय... जवळा निवडून संपला तरी टाकतोयच. शेवटी त्याच वैतागल्या, "आवो, ह्यो खेल हाय का उपास?" टॅब वाचला. पण त्या दिवसापासून ती खुर्ची वहिनींची झाली. त्या पहारा द्यायला म्हणून बसायच्या आणि हळूहळू, मान्य करायच्या नाहीत, पण बघायला बसायला लागल्या.

पुढे कायदा आला, पैसे लावून खेळायचे ॲप बंद झाले. मला वाटलं, संपलं. नारायण फुकटच्या चिप्सवर खेळायला लागला. तिथे जाणार काहीच नसतं, म्हणून सगळे पहिल्याच डावात सगळं लावून मोकळे होतात. हा तिथेही तेवढ्याच निष्ठेने पत्ते टाकायचा. ते पाहिलं तेव्हा वहिनींच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा पूर्ण गेली.

गेल्या रविवारी मी उलव्याला गेलो. वहिनी चहा टाकत होत्या आणि टेबलावरचा टॅब वाजला. नारायणने जायच्या आधीच पुढच्या कितीतरी रविवारांच्या स्पर्धांना नाव घालून ठेवलं होतं. पडद्यावर त्याची जागा, त्याचं नाव आणि माणूस हजर नाही म्हणून यंत्र आपोआप त्याचे पत्ते टाकत होतं. बाकीचे एकमेकांवर तुटून पडत होते, बाहेर जात होते. आम्ही बघत राहिलो आणि निम्म्याहून जास्त लोक गेले तरी नारायण टिकून! मला हसू आवरेना. वहिनीही डोळे पुसत हसल्या. "बगा, गेल्यावर पन टाकतायतच..."

मग त्या चहाचा कप घेऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. त्याच्या नाही, आपल्या. टॅब पुढे ओढून त्यांनी "परत आलो" असं लिहिलेलं बटण दाबलं. आले ते पत्ते टाकले. पुढचे टाकले. त्याच्या पुढचेही टाकले. मी दोन-तीनदा तोंड उघडलं, त्यांनी हातानेच गप्प केलं. मग दोन राजे आले, क्वचितच हाती लागणारी जोडी. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी कपावर बशी झाकली आणि मग सगळे चिप्स पुढे सारले.

एकेक करून सगळ्यांनी पत्ते टाकले. वहिनींनी बशी काढली. चहा गरम होता.