माझ्या बापाला मी दिलेली बातमी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. आता सांगते — पण एकदम तोंडावर येत नाही, जरा वळसा घेऊन सांगते.

मी तीन वर्षांची असताना माझा बाप खामगावकडे कापसाच्या जिनात कामाला जातो म्हणून गेला, तो आलाच नाही. मायनं कितीतरी वर्षं वाट पाहिली. मग जातीच्या पंचांनी मोकळीक दिली आणि किन्हीराजा गावच्या गणपतशी तिचा पाट लागला. गणपत विधुर, मूलबाळ नाही, थोडकं रान. मी त्याला आधी काका म्हणायची. पण मला ताप आला की तो उशाशी बसायचा, माझ्या केसांतल्या उवासुद्धा काढायचा — कुठला बाप काढतो? वर्षभरात मी त्याला बा म्हणू लागले.

मी दहाची झाले तेव्हा बानं ठरवलं, पोरीला पंचांसमोर मांडीवर घ्यायचं. दत्तक. गाव हसलं, पोरगी कोणी दत्तक घेते काय? "मी घेतो," तो म्हणाला. पंचांनी विचारलं, खरा बाप परत आला तर? आणि हा माणूस — इतकं सरळ का असावं माणसानं? — सगळ्यांसमोर बोलून गेला, "आला तं पोरगी त्याची. मी अडवनार नाई."

मी दाराआडून ऐकलं.

त्याच आठवड्यात, दुपारी, माय आणि बा रानात होते. मी अंगणात तूर निवडत बसले होते. एक वाळलेला माणूस कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"सुभद्राचं घर हेच काय वं?"

मायचं नाव. मी तूर निवडत राहिले.

"तिले एक पोरगी होती. चिंगी."

चिंगी मला एकटा माझा खरा बापच म्हणायचा, मायनं सांगितलं होतं. म्हणजे मला कळलं होतं — हे लिहून ठेवते, नाहीतर मीच उद्या म्हणेन की लहान होते, कळलं नाही. कळलं होतं.

"ते गेले गाव सोडून," मी म्हणाले. तरी तो हलेना. मग म्हणाले, "पोरगी देवीच्या साथीत मेली."

तो खाली बसला. मग पाणी मागितलं, मी दिलं. पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "तू कोनाची?"

"गणपतची."

त्यानं धोतराच्या सोग्यातून रेवड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "तिच्यासाठी आनल्या होत्या. तू खाय." आणि आमच्याकडच्या मालेगावच्या वाटेनं चालायला लागला. माय यायच्या आत मी सगळ्या रेवड्या खाल्ल्या. गोड लागल्या — हेही खरं.

चार दिवसांनी बानं मला मांडीवर घेतलं. गूळ वाटला. त्याला रडू आवरेना.

माय पुढं रिसोडच्या बाजारात गेली की गर्दीत कुणाला तरी शोधत राहायची. जिवंत नवरा असताना आपण दुसऱ्याच्या घरी नांदलो की काय, हा किडा तिच्या डोक्यातून गेला नाही. ती वारली, तेव्हाही तिला काही ठाऊक नव्हतं. आणि बा — शेवटच्या दिवसांत माझा हात धरून म्हणाला, "तुह्या बापाले एकदा इचारायले पायजे होतं. त्याची चीज मी ठेवून घेतली, असं वाटते मले." मी त्याच्या तोंडात चमच्यानं पेज घातली. तेव्हा मी तीन लेकरांची आई होते. कसली भीती होती मला? कुणी नेणार होतं का? तरी गप्प बसले.

तो मला न्यायला आला होता की नुसता बघायला — हे मी त्याला विचारलंच नाही.