मेल्यावर वाढणारी दाढी

आमची पोस्ट काश्मीरच्या बर्फात होती. मी हवालदार, मूळचा धुळ्याकडच्या पिंपळनेरचा. माझ्या सेक्शनमध्ये आपल्याकडचा एकच जवान, शिंदखेड्याजवळचा सिपाही सुकदेव. तुम्हा सिव्हिलियन लोकांना हसू येईल, पण तिथे रोजची पहिली लढाई दाढीशी असायची. बर्फ वितळवायचं, मगभर पाण्यात चौघांनी उरकायचं. दाढी नाही तर चहा नाही, हा माझा हुकूम. पोरं मनात शिव्या घालायची. घालोत!

त्या दिवशी वारा एकाएकी थांबला. मला ते अजिबात आवडलं नाही. रॉकेल आणायला गेलेल्या पार्टीला मी वायरलेस सेटवर बोलावलं.

"पार्टी टू, परत या. ओव्हर."

"निघालोच, साहेब. ओव्हर."

आवाज सुकदेवचा होता. तेवढ्यात वरून बर्फ सुटलं. बाकीचे वाचले. तो संध्याकाळी सापडला.

खाली बेस कॅम्पला मी स्वतः त्याची दाढी केली. आईबापांना तो नीटनेटका दिसावा, एवढंच मनात होतं. शवपेटी घेऊन निघताना तिथल्या डॉक्टरसाहेबांनी बजावलं, "कातडी सुकून आत ओढली जाते, मग खुंट वर दिसतात. मेल्यावर दाढी-नखं वाढतात असं लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेत. वाढत काही नाही. ध्यानात ठेवा." धुळ्यापर्यंत त्या पेटीकडे मला बघवेना.

गावात पेटी उघडली. हनुवटीवर काळे खुंट. त्याचे वडील, नाना, वाकून पोराकडे बघत होते. एकदम ओरडले, "मना आंडोर जित्ता शे! दाढी वाढनी त्यानी! डाक्टरले बलावा!"

एकच गलका झाला. कुणी छातीला कान लावला. आई त्याचे तळपाय चोळू लागली. तिकडे चिता रचून तयार होती. आता जबरदस्तीनं अग्नी दिला, तर जिता मुलगा जाळला या संशयातच हा बाप जन्म काढणार होता.

मी नानांचा हात धरला. "नही नाना. दाढी नही वाढनी. मीच केली होती. कातडी सुकली, म्हणून आतली वर दिसतेय."

"खरं सांगस का, भाऊ?"

"खरं."

नानांनी हनुवटीवर तळवा ठेवला. तो बराच वेळ तिथून उचलला नाही. मग हळूच म्हणाले, "मंग झाकी दे."

अग्नी त्यांनीच दिला. मी सॅल्यूट धरून उभा होतो, आणि मला रडू आवरलं नाही.

सुकदेव एकवीसचा होता. गालांवर त्याला अजून दाढी फुटायचीच होती.