इन्सुलिन दिल्यानंतर

आजेसासूबाईंना सकाळचं इन्सुलिन टोचलं, भाकरी वाढली, आणि त्यांनी ताट सरकवलं. "बोट येईपर्यंत नको."

मी हादरलेच. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर रक्तातली साखर भराभर उतरते. पहाटेपासून वारा सुटला होता, नवऱ्याची बोट समुद्रात होती आणि त्याचा फोन लागत नव्हता. अशा वेळी आजी जेवत नाहीत, हे सुई टोचण्याआधी मला आठवायला हवं होतं. पण मी अलोऱ्याची, भातशेतीतली. हा उपास मला कायम खुळेपणाच वाटत आला.

आमच्या घरात इतिहास आजींच्या उपासांनी मोजतात. चव्वेचाळीस साली मुंबईच्या गोदीत स्फोट झाले तेव्हा पंधरा वर्षांच्या आजी तीन दिवस उपाशी, कारण आजेसासरे तिथल्या गलबतावर होते. एकाहत्तरच्या लढाईत पोरं दर्यावर अडकली, तेव्हा दोन दिवस. दरवेळी माणसं परतली. मग त्यांना समजावणार कोण?

दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. डॉक्टर फोनवर ओरडले, "आधी साखर घाला तोंडात!" मी चमचा नेला, तर त्यांनी दात आवळले. पंचाण्णव वर्षांची बाई, पण हट्ट जराही खिळखिळा झाला नव्हता. मला संतापही आला आणि रडूही. समुद्रातलं समुद्रात, ही तर माझ्या हातून जात होती.

"आजी, फोन आला," मी म्हणाले. "बोट जयगडला लागली. सगळे सुखरूप."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग तोंड उघडलं. साखरेचं पाणी प्यायल्या, हळूहळू सावरल्या, भाकरी खाल्ली. वर आणखी एक मागून घेतली.

दुपारभर मी मागच्या पडवीत फोन घेऊन उभी. चारला तो खरंच वाजला. बोट दाभोळला लागली होती. मी पोटभर रडले, तोंड धुतलं आणि आत गेले.

"आले?" आजींनी विचारलं.

"सकाळीच सांगितलं ना तुम्हाला."

"सकाळी आले असते तर तू जेवली असतीस गो."

"मग तुम्ही खाल्लंत कशाला?"

"तू घाबरलेलीस."

त्यांनी ताटाखाली झाकलेली दुसरी भाकरी माझ्यापुढे सरकवली. सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नव्हता.