काळी एकला लावलेला बास

बास गिटारच्या चार तारा कोणत्या सुरांत लावायच्या हे ठरलेलं आहे. जगभर त्या तशाच लावतात. गाणं बदललं की वादक बोटांची जागा बदलतो, तारांना हात लावत नाही. ग्वाल्हेरमध्ये मी मात्र बरीच वर्षं बास तंबोऱ्यासारखा लावून वाजवला. सा, प, सा, प. सा म्हणजे आमच्या गायकाचा सा, पेटीची काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी.

हे अज्ञान घरातून आलं होतं. वडिलांनी नोकरी कचेरीत केली, पण तरुणपणी ते ख्याल शिकले होते. नई सडकेवरच्या दुकानातून मी बास घरी आणला तेव्हा त्यांनी तो मांडीवर आडवा घेतला, चारही तारा छेडल्या आणि विचारलं, "याचा सा कुठाय?"

मी म्हणालो, "याला सा नसतो."

"मग गाणाऱ्याने काय करायचं? शोधत बसायचं?"

त्यांनी स्वतःच खुंट्या पिळून तारा लावून दिल्या. आमच्याकडे वाद्य गाणाऱ्याच्या गळ्यानुसार लावतात, एवढंच त्यांना माहीत होतं आणि मलाही.

ते दुकान मुळात पेट्या आणि लग्नाच्या बँडची पितळी वाद्यं विकणारं होतं. बास तिथे एकच होता. कुण्या कॉलेजच्या मुलांनी मागवला होता आणि नेलाच नव्हता. मान किंचित वाकलेली होती, एक खुंटी ढिली होती. निवडण्यासारखं काही नव्हतंच. खरी निवड पुढे आली, तारांची. काळी एकचा खरज, म्हणजे खालचा सा, बासच्या ठरलेल्या सगळ्यात खालच्या सुराच्याही खाली जातो. नेहमीची तार तिथवर उतरवली की लोंबकळते, सूर सोडून नुसती फडफडते. तिथे जाड तार हवी. ती ग्वाल्हेरला मिळत नसे. दिल्लीहून पाच तारांच्या बासचा संच मागवायचा आणि त्यातली सगळ्यात जाड तार काढून घ्यायची, हा उपाय मी शोधून काढला. मानेच्या टोकाला जी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा जातात, तिच्यात ही तार मावेना. मी कानशीने खाच रुंद केली. त्यानंतर त्या खाचेत नेहमीची तार बसवली तर ती झणझणायची. म्हणजे माझा बास आता एकाच गळ्याचा झाला होता. त्या वेळी मला याचा अभिमान वाटत असे.

गायक माझ्यापेक्षा वयाने मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. सरकारी खात्यात बाबू होता. जुनी सिनेमागीतं, भावगीतं, अभंग, सगळं काळी एकमध्ये गायचा. मोकळ्या तारेवर मी खरज धरला की मंडपातल्या खुर्च्यांत कंप जाणवायचा, असं लोक सांगत. भाऊ म्हणायचा, "तू असलास की पायाखाली जमीन असते." हे तो स्टेजवरून, माइकमध्ये म्हणायचा. मी त्यावर विश्वास ठेवला.

आमच्या ग्रुपमध्ये ढोलक होता, ऑक्टोपॅड होता आणि एक कीबोर्डवाला होता. तो माझ्याहून लहान, कोचिंगमध्ये गणित शिकवायचा. घर मराठी, पण वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायचा. त्याच्या कीबोर्डवर एक बटण होतं. ते दाबलं की वाटेल ती पट्टी मिळे आणि बोटं मात्र जिथल्या तिथे राहत. एकदा तालमीत तो मला म्हणाला, "दादा, भाऊंचा गळा बसला तर तू काय करणार? एक ही स्केल का आदमी है तू."

सगळे हसले. भाऊही हसला.

मग मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं. राज्य विभागलं म्हणजे कर्मचारीही विभागले. कुणी भोपाळकडे राहायचं, कुणी रायपूरकडे जायचं, यासाठी खात्यांनी माणसांकडून विकल्प मागवले होते. पुढे नेमणुकांचे आदेश निघायला लागले. भाऊला रायपूर आलं. गणपती होईपर्यंत थांबायची परवानगी तेवढी मिळाली.

बातमी आमच्या लोकांत पसरली तेव्हा एकाही माणसाने त्याला विचारलं नाही की तू काय विकल्प दिला होतास. मीही विचारलं नाही, आणि प्रश्न विचारणं हा माझा धंदा होता. याचं कारण जुनं आहे. इथल्या मराठी घरांतली माणसं दरबाराच्या नाहीतर फौजेच्या चाकरीत आली. संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, तोही मोडून मध्य प्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला गेल्या. प्रत्येक घरात कुणाचा तरी हुद्दा गेला, कुणाची बदली झाली, कुणाची पेन्शन अडकली. त्यामुळे सरकारी हुकूम म्हणजे आपल्यावरचा अन्याय, हे आम्ही तपासून पाहत नाही. ते आम्हाला पाठ आहे. भाऊला हुकूम आला, म्हणजे भाऊवर अन्याय झाला. आमच्या उत्सव मंडळाने सत्कार ठरवला. वडीलधाऱ्यांनी आदेश रद्द करावा म्हणून अर्ज लिहिले.

मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. मी बातम्या लावल्या. एकीचा मथळा होता, ग्वाल्हेरचा सूर फायलीखाली दबला. असली वाक्यं मी दुसऱ्यांच्या बातम्यांतून रोज काढून टाकत असे.

त्याच दिवसांत कीबोर्डवाल्याने तालमीला एक बाई आणली. शाळेत शिकवायची, आवाज स्वच्छ होता, काळी पाचमध्ये गायची. त्याने बटण दाबलं आणि दोघं सुरू झाले. मी बास मांडीवर घेऊन बसून राहिलो. माझ्या मोकळ्या तारांपैकी एकही तिच्या सुरांत बसत नव्हती. नेहमीच्या बासवाल्याला यात काहीच अवघड वाटलं नसतं.

तालीम संपल्यावर कीबोर्डवाला म्हणाला, "दादा, तारा नॉर्मल करून घे ना. अभी टाइम है. नवरात्रात यांच्याबरोबर बसू."

"भाऊ अजून इथे आहेत."

"आहेत, पण जाणार ना."

"आदेश रद्द होईल."

"और नहीं हुआ तो?"

मी बास खोळीत घातला. भाऊ गेला नाही तर मी बासवाला राहणार होतो, गेला तर नाही. इतका साधा हिशेब होता, आणि तो कीबोर्डवाल्याला माझ्या आधी समजला होता. मी तारा बदलल्या नाहीत. तारा बदलणं म्हणजे भाऊ गेल्याचं कबूल करणं, असं मी स्वतःला सांगितलं. त्याऐवजी मी आमच्या भोपाळच्या वार्ताहराच्या मागे लागलो. त्याची मंत्रालयात ओळख होती. रोज दुपारी फोन करायचो. शेवटी तो म्हणाला, होईल काम.

गणपतीतला शेवटचा कार्यक्रम आमचा असे. त्या दिवशी दुपारी साऊंडवाला टोपी बाजारातून स्पीकर घेऊन आला होता आणि मंडपात लावत होता. मी आणि भाऊ मागच्या खोलीत होतो. तो कोमट पाणी पीत होता.

"भाऊ, भोपाळला बोललो. अर्ज वर गेलाय. आदेश रद्द होईल म्हणतात."

त्याने पेला खाली ठेवला. "थांबव ते."

"काय?"

"थांबव म्हणतो. रद्द झाला तर माझी पंचाईत होईल."

मला समजेना. तो दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "रायपूर मी मागून घेतलंय. विकल्प मागवले तेव्हाच लिहून दिलं. इथे माझ्या डोक्यावर जे बसलेत ते रिटायर होईपर्यंत मी बाबूच राहणार. तिकडे कुणी जायला तयार नाही. गेलो की प्रमोशन."

"मग आम्हाला अर्ज का करू दिलेत?"

"मी म्हटलं होतं करा म्हणून? तुम्ही सगळे आधीच रडायला लागलात. मंडळाने शाल आणली. तू छापून मोकळा झालास. मी कुणाकुणाला सांगत फिरू, की बाबांनो, मी खुशीने चाललोय?"

"मला सांगायचं."

"तुला? तू तेही छापलं असतंस." तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "आणि खरं ऐक. सांगितलं असतं तर या गणपतीत तुम्ही त्या बाईला उभं केलं असतं. मला हा गणपती हवा होता."

"आणि मी काय करू?"

"तुझं काय? तुला बास येतो. कुणाबरोबरही वाजवशील."

माझ्या बासची काय स्थिती आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून तो हे म्हणाला, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही. बाहेरून साऊंडवाल्याने हाक मारली. आम्ही दोघेही गेलो.

कार्यक्रम संध्याकाळी झाला. मंडप भरला होता, लोक कडेने उभे होते. मंडळाच्या अध्यक्षांनी भाऊला शाल पांघरली आणि भाषण केलं. विलीनीकरणापासून सुरुवात करून ते रायपूरपर्यंत आले. मग खिशातून कात्रण काढून त्यांनी माझं वाक्य वाचून दाखवलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भाऊने हात जोडले. तो म्हणाला, "हुकूम आहे, जावं लागतंय." त्याचा आवाज भरून आला होता. तो खोटा वाटत नव्हता.

मी सगळी गाणी नेहमीसारखी वाजवली. शेवटी भैरवी होती. तिच्या पहिल्या कडव्यानंतर मी तारांवर तळहात ठेवला आणि थांबलो. विचार करून थांबलो. खरज गेला की भाऊला कळेल, तो मागे वळून पाहील, निदान सूर हलेल, अशी माझी समजूत होती.

त्याने मागे पाहिलं नाही. डोळे मिटून तो गात राहिला, आणि चांगला गायला. कीबोर्डवाल्याचा डावा हात खालच्या पट्ट्यांकडे सरकला आणि खरज तिथून येऊ लागला. बहुधा त्यालाही ते जाणवलं नसेल, बोटं आपोआप गेली असतील. मी तळहात तसाच ठेवून बसलो होतो. पहिल्या रांगेतलं कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. भैरवी संपली. टाळ्या खूप वेळ चालल्या.

सामान आवरताना कीबोर्डवाला केबल गुंडाळत म्हणाला, "दादा, आज बास जबरदस्त होता. भैरवीत तर कमालच."

"भैरवीत मी वाजवत नव्हतो."

"मतलब?"

"पहिल्या कडव्यानंतर थांबलो होतो."

त्याचे हात थांबले. मला वाटलं तो चिडेल, किंवा का म्हणून विचारेल. त्याने ते विचारलं नाही. तो आपल्या कीबोर्डकडे बघत होता, खालच्या पट्ट्यांकडे. गणिताच्या मास्तरासारखा चेहरा झाला होता त्याचा.

"पता ही नहीं चला," तो म्हणाला. मग जरा ओशाळून, "म्हणजे, तसं नाही दादा."

पण तसंच होतं. ते सिद्ध करून दाखवणारा मीच होतो.

भाऊ गणपतीनंतर रायपूरला रुजू झाला. त्याला स्टेशनवर पोचवायला मंडळ गेलं होतं, मी ड्यूटीवर होतो. मधल्या काळात मी बासला नेहमीच्या तारा चढवल्या, खाचेत कागदाची घडी घालून झणझण बंद केली आणि घरी काळी पाचमध्ये वाजवून पाहिलं. प्रत्येक सूर मोजून शोधावा लागत होता. शोधून सापडेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असायचं. तालमीचा निरोप आला नाही. मीही विचारायला गेलो नाही.

नवरात्रात त्यांचा कार्यक्रम झाला. मंडळाकडून आलेली बातमी माझ्याच टेबलावर आली. गायिका, कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड. नावं बरोबर होती, भाषा ठीक होती. काही दुरुस्त करावं लागलं नाही. मी ती आतल्या पानावर सोडली.